पाच वाजता बंद होणारी पेटी

"दोन मिनिटांनी काय आभाळ कोसळणार आहे का?"

"आभाळाचं मला माहीत नाही, मॅडम. नियम तुमचा, कुलूप माझं. पाच वाजले, पेटी बंद."

"अहो, माणूस आहात की घड्याळ?"

हे भांडण मी वीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या व्हरांड्यात ऐकलं, हातात डबा धरून. उशिरा आलेल्या एका मुलासाठी शिकवणाऱ्या मॅडमच भांडत होत्या. घड्याळ म्हटलं होतं ते माझ्या धाकट्या भावाला. पोरांनीही ऐकलं असणार, कारण दुसऱ्या दिवसापासून तो घड्याळकाका झाला.

इंजिनिअरिंगच्या मुलांची कॉम्प्युटरची खोली तो सांभाळायचा. तिथे मुलं लोखंडाची वस्तू पडद्यावरच घडवतात, तिच्यावर जाळं पसरतात आणि भार टाकतात. जिथे लाल होईल तिथे ती मोडणार. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण एवढं मलाही कळलं. हे गणित सोडवायला यंत्राला कधी दोन-दोन दिवस लागतात.

मॅडमच्या नियमांचा कागद दारावर चिकटवलेला असायचा. घरचा अभ्यास पाचच्या आत खोलीतल्या पेटीत द्यायचा, भाऊ त्यावर वेळ लिहिणार. उशिरा आला तर दिवसाला दहा टक्के गुण कापायचे. शेवटचा प्रकल्प उशिरा आला तर शून्य, आणि त्यात शून्य म्हणजे अख्ख्या विषयात नापास. सुटका एकच. खोलीतल्या अडचणीमुळे काम बुडालं असं खोली सांभाळणाऱ्याने लिहून दिलं, तर तीन दिवस जास्त. त्या ओळीचं काम भावाला कधी पडलं नव्हतं.

बायको गेल्यापासून तो माझ्याकडेच राहायचा. मागच्या वर्षी एका सोमवारी संध्याकाळी त्याचा सदरा धुवायला घेतला, तर खिशातून चतकोर कागद निघाला. 'गणित चालू आहे. बंद करू नये.' अक्षर मुलीच्या वळणाचं.

"हे काय रे?"

तो पांढराफटक पडला. "ताई, ते इकडे दे."

मग तुकड्यातुकड्यांनी बोलला. रोज पेटी मॅडमकडे पोचवली की सगळी यंत्रं बंद करायची. यंत्र बंद झालं की त्यातलं काम पुसलं जातं. म्हणून ज्याचं गणित चालू असेल त्याने कीबोर्डवर चिठ्ठी ठेवायची. या मुलीचं शनिवारपासून चालू होतं. आज पडदा काळा, चिठ्ठी नाही. चिठ्ठी नाही म्हणजे काम उरकलं, असं त्याने धरलं आणि बटण दाबलं. खुर्ची सारताना खाली कागद दिसला. पंख्याने उडवला होता. आणि प्रकल्प द्यायचा होता दुसऱ्या दिवशी पाचला.

"कुणी पाहिलं?" मी विचारलं. असं विचारल्याची मला अजून लाज वाटते.

"कुणीच नाही."

"मग यंत्र बिघडलं म्हणून लिही. तिचंही भागेल, तुझंही."

"यंत्र नोंद ठेवतं, ताई. कधी बंद झालं, कसं बंद झालं, सगळं. नोकरी जाईल गं."

जेवला नाही. शेजारीण कात्री मागायला आली, तर दारावरची थाप ऐकून हा आतल्या खोलीत. या वयात याला दुसरं काम कोण देणार?

सकाळी दाढी करताना दोनदा कापून घेतलं आणि मग लिहायला बसला. 'यंत्रात दोष नाही. चालू गणित मी बंद केलं.' मला वाचून दाखवलं.

"इतकं उघडं कशाला लिहायचं?"

"वीस वर्षं पोरांची मिनिटं लिहितोय. माझं एक लपवू?"

मुलीला शुक्रवारपर्यंत मुदत मिळाली. ती भांडली नाही. नुसतं म्हणाली, "काका, या वेळी तरी नाही ना बंद करणार?" त्या एका वाक्याने तो अर्धा झाला. चिठ्ठी त्याने पडद्यालाच चारही कडांनी डकवली. पंखा बंद, पोरं घामाघूम. त्याला वाटलं, एवढी काळजी पुरे.

त्याची चौकशीही चालू होती. शुक्रवारी सकाळी पत्र आलं. सोमवारपासून ही खोली सोडून भांडारात जायचं. काढून टाकलं नाही, एवढंच मी ऐकलं.

संध्याकाळी डब्याचं निमित्त काढून मी गेलेच. पाचला पाच कमी, मुलीचा पत्ता नाही. कुणी म्हणालं, प्रिंटरमध्ये कागद अडकलाय.

"थांब ना रे दोन मिनिटं," मी म्हटलं.

"ताई, मध्ये पडू नकोस." नजर घड्याळावर होती, पण हातातली किल्ली कुलपावर टकटक वाजत होती. ही आली नाही तर तो पेटी बंद करणार, हे मला ठाऊक होतं. आणि मग घरी येऊन आयुष्यभर जेवणार नाही, हेही.

चार अठ्ठावन्नला ती धावत आली. कागद अजून गरम होते. त्याने वेळ लिहिली, पेटीत धाकट्या वर्गाच्या अभ्यासावर तिचा गठ्ठा ठेवला, पाचला कुलूप लावलं आणि पेटी उचलून मॅडमच्या खोलीत गेला. मी मागोमाग.

"पाचला बंद केली. आता पाच वाजून दोन मिनिटं. मोजून घ्या, सही करा."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांनी मोजलं, सही केली.

तो परत आला आणि रोजच्यासारखा एकेक यंत्र बंद करत गेला. बटण दाबण्याआधी प्रत्येक खुर्चीखाली वाकून बघत.