बाबा, गिरणी आणि माझा ओव्हरक्लॉक

बाबांनी माझी एकही मॅच बघितली नाय.

चार वर्षं खेळले. घरातल्याच खोलीत, त्यांच्या डोळ्यांसमोर. एकदा म्हणून खुर्ची ओढून शेजारी बसले नाहीत.

हे मला लागायचं. खूप लागायचं. आज त्यांना जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी सांगते. आमची वैशाखऱ्यात भाताची गिरणी. मी मुरबाडला एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसते आणि रविवारी दुपारी गेमिंगच्या ऑनलाइन स्पर्धा खेळते.

पगारातून साठवून स्वतःचा पीसी जुळवायचं ठरवलं, तेव्हा तीन महिने नुसती यादीच करत होते. ग्राफिक कार्ड चांगलं घेतलं की प्रोसेसर हलका. प्रोसेसर चांगला घेतला की रॅम अर्धी.

शेवटी ठरलं, प्रोसेसर स्वस्तातला घ्यायचा आणि ओव्हरक्लॉक करायचा. म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या स्पीडपेक्षा जास्त पळवायचा.

कल्याणला पार्ट घ्यायला बाबा सोबत आले. मी कार्ड बघत होते आणि बाबा पॉवर सप्लायचे खोके उलटसुलट करून वाचत होते.

"हा घे," म्हणाले. भारीतला होता.

"बजेटमध्ये बसत नाय बाबा. तिथे कमी केलं तरच कार्ड येतंय."

"अगो, मशीन जास्त पळवायची तर ती जास्त करंट खाणार ना? मग तिथंच हात आखडता कशाला घेतेस?"

दुकानदार हसला. मला लाज वाटली. मी स्वस्तातलाच पॉवर सप्लाय घेतला. यूपीएस तर यादीतून आधीच उडाला होता.

येताना एसटीत कॅबिनेटचा खोका त्यांनी मांडीवर धरला. खाली ठेवा म्हटलं तर "गचके बसतील" एवढंच बोलले.

पहिल्याच महिन्यात घोळ सुरू झाला.

कामावरून येऊन संध्याकाळी खेळले की पीसी मस्त चालायचा. रविवारी दुपारी मात्र मॅच रंगात आली की बंद पडून आपोआप परत चालू व्हायचा.

एका रविवारी सेमीफायनलला स्क्रीन काळी झाली. टीममधले चौघं माझ्यामुळे हरले. मी हेडफोन आपटला.

काकाला गिरणीवर बसवून बाबा जेवायला घरी आले होते. आवाज ऐकून दारात आले.

"काय झालं गो?"

"तुमाला काय कळणार यातलं? तुमी जा, भात भरडा."

असं बोलले मी. बापाला.

ते दारात उभे राहून वर पंख्याकडे बघत होते. मग हात धुऊन गिरणीवर गेले.

पुढच्या रविवारपासून पीसी एकदाही बंद पडला नाय.

त्या आठवड्यात मी सेटिंग बदललं होतं, त्यामुळे माझंच डोकं चाललं असं मी धरून चालले. ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकले. स्वस्तातल्या पॉवर सप्लायवर ओव्हरक्लॉक कसा टिकवायचा, ते दहा जणांना शिकवलं.

बाबांनाही ऐकवलं. "बघा, चालतोय ना?"

"चालतोय ना, मग झालं," म्हणाले.

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. जीप मुरबाडला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढचे दोन-अडीच महिने मी मशीनला हात लावला नाय. गिरणी काका बघायला लागला. मग टीमवाले मागेच लागले म्हणून एका रविवारी बसले.

वीस मिनिटांत पीसी बंद. परत चालू केला, परत बंद.

पॉवर सप्लाय गेला, कल्याणला जायला लागेल, हे काकाला सांगायला गिरणीवर गेले. भातकापणी झालेली, गर्दी होती. पाड्यावरची भीमाकाकी आपल्या गोणीवर बसली होती. मला बघून म्हणाली,

"आज तुझी म्याच नाय का गो? गिरणी कशी काय चालू?"

मला काय कळेना. मॅचचा आणि गिरणीचा संबंध काय?

काकाने मोटर बंद केली आणि सांगितलं.

"गिरणी आणि आपलं घर एकाच डीपीवर, एकाच ट्रान्सफॉर्मरवर. गिरणीच्या मोटरने लोड उचलला की घरातला पंखा पण मंद होतो. तुझ्या मशीनला तेवढा झटका झेपत नव्हता. म्हणून दादा दर रविवारी दोन ते चार पट्टा काढून ठेवायचा."

भीमाकाकी बोलली, "आमी डोक्यावर बोजे घेऊन यायचो, तर तुझा बापूस बोलायचा, बसा जरा, पोरीची म्याच हाय. सगळ्यांना चा पाजायचा. तू जिंकलीस का हरलीस, तेपण तोच सांगायचा."

कानावर हेडफोन. गिरणी थांबलेली मला कधी कळलीच नाय.

घरी येऊन आईला विचारलं, मी जिंकले हे बाबांना कसं कळायचं?

"मलाच विचारायचे. मॅच झाल्यावर पोरगी नीट जेवली का? जेवली म्हटलं की जिंकली समजायचे."

"मग मला सांगितलं का नाय कोणी?"

"मी सांगणार होते. तेच नको म्हणाले. तिला वाटतंय आपण केलं, खूश हाय, वाटूंदे."

मी तिथेच चुलीपुढे बसून रडले. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा एवढी रडले नव्हते.

त्याच आठवड्यात ओव्हरक्लॉक काढून टाकला. यूपीएस घेतला. मशीन आता साध्या स्पीडला चालतं आणि मी बऱ्याचदा हरते.

आज वर्षश्राद्ध. काकाने गिरणी बंद ठेवली होती. सकाळी पाड्यावरून चार बाया गोण्या घेऊन आल्या आणि न सांगताच बाहेर बसून राहिल्या.

मी काकाला म्हटलं, चालू कर. ही माणसं माझ्यापायी पुष्कळ थांबली.

बाबा, तुमची माफी मागायची राहून गेली. ती इथे, सगळ्यांसमोर मागते.

तुमच्या सोनीकडून मनापासून श्रद्धांजली.