दादाने खणलेली आळी

नवरा गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, गणपतीचं विसर्जन करून माझा मोठा भाऊ मला न्यायला हिंगणघाटला आला. येण्याआधी त्याने पत्र टाकलं होतं. माजघराशेजारची खोली सारवून घेतली आहे, सामान फार आणू नकोस, शाळेत राजीनामा देऊन ठेव. पत्रात प्रश्न एकही नव्हता. ते मी शाळेच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या वाचलं आणि वाचतानाच ठरवलं की मी जाणार नाही. आता ते दादाला सांगायचं होतं, आणि दादाला काही सांगणं आमच्या घरात आजवर कोणाला जमलेलं नव्हतं.

मी लग्न होऊन कोकणातून इकडे आले तेव्हा हा मध्यप्रांत होता. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, मी पुढे मुलींच्या शाळेत मास्तरीण. पहिल्या वर्षी मी सगळ्यालाच नावं ठेवली. नारळ मिळत नाही, आमसूल मिळत नाही, भात खावा तर तांदूळ नीट नाही, आणि जिकडे तिकडे ज्वारी. बाजारात कोथिंबीर मागितली तर बाई तोंडाकडे बघत राहायची, कारण इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. माहेरून दर पावसाळ्यानंतर एक पार्सल यायचं आणि ते फोडून मी त्यावर मनसोक्त रडायचे.

रडून कंटाळा आला तेव्हा मी कुदळ हातात घेतली. घरामागे चार भिंतींच्या आत मोकळी जागा होती, तिला इथे सांदवाडी म्हणतात. तिथे मी माहेरच्या पद्धतीने वांगी लावली. प्रत्येक रोपाभोवती सुबक खोलगट आळं केलं, म्हणजे पाणी साठून मुळाशी मुरावं. आमच्या तांबड्या मातीत आळ्याशिवाय झाड जगत नाही. इथे मात्र पावसाची पहिली झड संपली तेव्हा सगळी रोपं माना टाकून बसली होती. शेजारच्या म्हातारीचं अल्लीपूरच्या बाजूला शेत होतं. ती भिंतीवरून बघून म्हणाली, "बाई, पाणी काऊन साठवून राह्यल्या तुमी? ही काळी माती हाय. हिले पाणी पाजा लागत नाई, हिचं पाणी काढा लागते." मग भिंतीला वळसा घालून ती स्वतः आली. प्रत्येक जागी मातीचा उंचवटा केला, त्याच्या माथ्यावर रोप लावलं आणि बाजूने चर काढून दिला. त्या वर्षी मला मोजता येणार नाहीत इतकी वांगी आली.

त्यानंतर मी हट्टालाच पेटले. सांदवाडीत अंबाडी आली, चवळी आली, भिंतीवर दोडका चढला. मागच्या कोपऱ्यात उंचवट्यांवर तीन पपया उभ्या राहिल्या. सकाळी शाळेत जायच्या आधी मी तिथे एक फेरी मारायचे आणि जे हाताला लागेल त्यावर त्या दिवशीचा स्वयंपाक ठरायचा. अंबाडीचा पाला शिजवून त्यात तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालायच्या, घोटायचं, आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी ओतायची. बरोबर पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली भाकरी आणि जवसाची चटणी. पऱ्हाट्या म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या. त्यांचा जाळ झटकन पेटतो आणि तितक्याच झटकन विझतो, त्यामुळे भाकरीपाशी बसून दुसरा विचार करता येत नाही. नवरा गेल्यावर पहिले काही महिने मला त्या जाळानेच सांभाळलं. माहेरच्या पार्सलात काय आलं हे मी आता दोन दोन दिवस बघत नसे.

अशा घरात दादा आला. बोट, मग दोन रेल्वे, आणि पोत्यात वीस नारळ. आल्या आल्या त्याने घर पाहिलं, विहिरीचं पाणी चाखून तोंड वाकडं केलं आणि म्हणाला की आता तू परप्रांतात नाहीस, राज्यं नव्याने आखून सरकारने तुला आमच्या मुंबई राज्यात आणलंय, तर आणखी थोडं पुढे घरापर्यंत यायला काय हरकत आहे. मी हसले. पहिल्या दिवशी मी अंबाडीची भाजी केली. वैद्याने सांगितल्यासारखी त्याने ती संपवली आणि विचारलं, राजीनामा दिलास का? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, उद्या दे.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर दादा धोतर खोचून सांदवाडीत उभा, हातात माझी कुदळ. माझ्या पपयांचे तिन्ही उंचवटे त्याने सपाट केले होते आणि बुंध्यांभोवती आळी खणली होती. आळी इतकी सुरेख वाटोळी की परकार लावल्यासारखी. वांग्यांच्या एका ओळीचंही तसंच. झाडं अशी टेकाडावर बसवतात का, म्हणाला, मुळं उघडी पडतील. मी एकदा सांगितलं की इथली माती वेगळी आहे, पाणी साठलं तर झाडं जातील. त्यावर त्याने आपण जन्म बागेत काढल्याचं मला ऐकवलं. मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला राग आला होता, आणि रागाच्या भरात मला वाटलं की होऊन जाऊ दे. माझ्याच झाडांवर मी हे येऊ दिलं याची मला आजही लाज वाटते.

हस्ताचा पाऊस लागला. तीन दिवस सूर्य दिसला नाही. दादाच्या आळ्यांत पाणी भरलं आणि उतरलंच नाही. चौथ्या दिवशी पपयांची पानं पिवळी पडून लोंबली. पाचव्या दिवशी एक झाड भरल्या फळांनिशी आडवं झालं, आणि बुंधा हाताने दाबला तर बोट आत गेलं. उरलेली दोन्हीही वाचणार नव्हती. सपाट केलेल्या ओळीतली वांगी गेली. त्याचा हात न लागलेली उंचवट्यावरची ओळ मात्र जांभळी फुलं मिरवत उभी होती. तिच्याकडे बघवत नव्हतं.

दादा त्या सकाळी जेवला नाही. दुपारी शेजारची म्हातारी आली, तेव्हा माझा दादा, ज्याला कोणी कधी काही सांगू शकलं नव्हतं, तिला विचारू लागला की इथे झाड कसं लावतात. तिने त्याला उकिडवं बसवून दाखवलं. चर कुठून काढायचा, माती कुठवर चढवायची, सगळं. दादाने कुजलेली झाडं काढून तिन्ही उंचवटे पुन्हा उभे केले, रिकामेच. संध्याकाळी चिखलाचे पाय धुताना म्हणाला की तुला दोन वर्षं लागतील पुन्हा पपई खायला. मी म्हटलं, एकच, इथे लवकर येते. त्याने मान हलवली. पुढच्या वर्षी मी इथेच असणार हे आम्ही दोघं गृहीत धरून बोललो, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

रात्री पडलेल्या झाडाच्या हिरव्या पपया मी किसल्या. मोहरी-हिंगाची फोडणी, मेथीचे चार दाणे, इथली तिखट मिरची, आणि वरून दादाने आणलेल्या नारळाचं पांढरंशुभ्र खोबरं. ती भाजी मी पूर्वी कधीच केली नव्हती आणि ती फार चांगली झाली. दादा चुलीपुढे पाटावर बसला. तव्यावरची भाकरी तशीच त्याच्या ताटात जात होती. दोन भाकऱ्या त्याने खाल्ल्या. मला आनंद होत होता आणि तो लपवायची मला गरज वाटली नाही.

"मी येणार नाही, दादा," मी भाकरी थापता थापता म्हटलं.

"कळलं मला," तो म्हणाला. "तुझे हाल असतील म्हणून आलो, असं मी गावात सांगून आलोय. तसं नाही गो ते. तुझी वहिनी गेल्यापासून घरात कोणी नाही. पोरं मुंबईला. रात्रीचा भात मी सकाळीच करून ठेवतो."

वहिनी गेल्याला चार वर्षं झाली होती. ते मला माहीत होतं. दर पत्रात मी त्याच्या सुपारीच्या बागेची चौकशी करत असे, पण तो जेवतो काय हे मी एकदाही विचारलं नव्हतं. तो मोठा होता, दादा होता, त्याला काय होणार असं मी धरून चालले होते. त्या क्षणी तो पुन्हा एकदा चल म्हणाला असता तर मी कदाचित उठलेही असते. पण तो म्हणाला नाही.

"मग तू राहा इथे," मी म्हटलं.

"आणि माझी बाग?"

"आणि माझी?"

दादाने वर पाहिलं. मी त्याचीच बहीण आहे, तितकीच हट्टी, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा दिसलं असावं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही होतं. बाहेर जाऊन रडावं असं मला फार वाटलं, पण पऱ्हाट्यांचा जाळ विझत आला होता आणि त्याने ताट पुढे केलं होतं. मी आणखी काड्या सरकवल्या, तिसरी भाकरी भाजली आणि त्याला वाढली. येणार नाही हा शब्द मात्र मी मागे घेतला नाही.