रुद्रप्पा डॉक्टरांची राखून ठेवलेली दाढ

रुद्रप्पा डॉक्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्याच दवाखान्यात, रोग्याच्या खुर्चीत तोंड वासून पडलेले. मला वाटलं, आपण चुकीच्या वेळी आलो. पण त्यांनी हातानंच आत बोलावलं, खालची एक किडकी दाढ दाखवली आणि म्हणाले, “ही काढा बाई. तुमच्यासाठीच राखून ठेवलीया.”

खरंच राखून ठेवली होती. ‘दातांचं शिक्षण घेतलेली स्त्री मदतनीस हवी’ अशी जाहिरात दिल्यापासून हा गृहस्थ लवंगेच्या तेलावर दिवस काढत होता. मुंबईत बाई म्हणून मला कुणी दवाखान्याच्या दारात उभं करत नव्हतं. आणि इथं सोलापुरात एक डॉक्टर स्वतःची दाढ घेऊन माझी वाट पाहत होता! खोलीचं दार त्यांनी मुद्दाम उघडं ठेवलं होतं. बाहेर बाकावर गिरणीतले कामगार माना लांब करून बसले होते. एकजण मोठ्यानं म्हणाला, “बाईच्या मनगटात कुटला आलाय जोर?”

मी घाईघाईनं चिमटाच उचलला. “निधान,” डॉक्टर म्हणाले. ते मूळचे मैंदर्गीचे, त्यामुळे ‘सावकाश’ म्हणायला त्यांच्या तोंडी हा कानडी शब्दच येई. “निधान, बाई. दाढ मोडली तर मलाच बोंबलावं लागंल की!” मी सुई दिली, थोडी थांबले आणि चिमटा धरला. दाढ अख्खी आली. तोंडात कापसाचा बोळा तसाच ठेवून ते उठले आणि तळहातावरची दाढ बाकावरच्या प्रत्येकाला दाखवून आले. पोराच्या बारशाचे पेढे वाटावेत अशी ऐट होती!

मग म्हणाले, “पुरुष येतील आता. पण मला बाया पायजेत. महिन्याभरात बाया आल्या तर तुमचं काम पक्कं. न्हाय आल्या तर मी तरी तुम्हाला कशाला अडकवून ठेवू?”

पुरुष आले. बायका येईनात. बायकोचं दुखणं नवऱ्यानं येऊन सांगायचं, औषध न्यायचं, आणि तिनं परक्या पुरुषापुढं तोंड उघडायचं नाही, ही तिथली रीत. महिना सरत आला, मी ट्रंक आवरायला घेतली. शेवटी चिडून विचारलं, “बायकांचाच एवढा हट्ट का?”

त्यांनी हातातला चिमटा पुसून ठेवला. मग म्हणाले, “मोहोळची गिरजा म्हणून एक बाई हाय. दुखणं सोसंना म्हणून नवरा तिला घेऊन आला. तिनं पदराआडून उजव्या गालावर बोट ठेवलं. मला ते दिसलं न्हाय, मागनं कळलं. हा मात्र तिच्या समोर उभा. आरशात बघावं तसं यानं स्वतःच्या डाव्या गालावर ठेवलं आणि मला सांगितलं, डावी. मिश्रीनं सगळ्याच दाढा काळ्या. तोंड जेमतेम उघडलेलं. मी चांगली दाढ उपटली, बाई. दुखरी अजून तिच्या तोंडात हाय.”

मला त्यांची फार कणव आली. दुसऱ्याच दिवशी ते दवाखाना माझ्यावर सोपवून मोहोळला गेले. एवढा नावाजलेला डॉक्टर, पण गिरजाच्या घरी ओट्यावर बसून माफी मागून आला आणि आता दाढ बाईच काढते, हेही सांगून आला.

आणि महिना संपायच्या आत गिरजा आली. नवरा सवयीनं गालाकडे हात नेऊ लागला, तसा डॉक्टरांनी त्याचा हात धरून त्याला बाहेर बाकावर आपल्या शेजारी बसवलं. पडद्याआड तिनं पदर मागं सारला, तोंड मोठं उघडलं आणि स्वतःचं बोट दाढेवर ठेवलं. “हितं,” ती म्हणाली. “लई दिसांपासनं हितंच.”

दाढ काढून झाल्यावर ती बाहेर आली. डॉक्टर उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, “चूक माझी होती, गिरजाबाई.”

“तुमची न्हाय, दाक्तर,” कापसाच्या बोळ्याआडून ती म्हणाली, “आमच्या मालकांच्या गालाची!”

नवरा ओशाळला. डॉक्टर मात्र मान मागं टाकून असे हसले की मी काढलेल्या दाढेची रिकामी जागा सगळ्या बाकाला दिसली. त्यानंतरच्या आठवड्यात मोहोळहून गिरजाच्या दोन जावा आल्या, त्यांच्यामागून त्यांतल्या एकीची माढ्याची बहीण. मी ट्रंक पुन्हा माळ्यावर टाकली.

आज डॉक्टर नाहीत. खुर्ची तीच आहे. कुणीही बसलं, सोबत कुणीही आलेलं असलं, तरी मी आधी एवढंच म्हणते, “निधान. तुमचं बोट तुम्हीच ठेवा.”