निरशा दुधाचा पेला

शेळीच्या निरशा दुधाचा वास आला की चकलांब्याचं आमचं अंगण आठवतं. आईची किडनी मला बसवून चार महिने झाले होते. कच्चं काही घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी दोघांनाही बजावलं होतं. तरी आईनं धार काढून फेसाळ पेला पुढं केला. "पी लेकरा, लई खंगलास." जिनं किडनी दिली, तिला नाही कसं म्हणायचं? प्यालो. जंतुसंसर्ग झाला, ताप हटेना, म्हणून डॉक्टरांनी प्रतिकारशक्ती दाबून किडनी टिकवायच्या गोळ्या कमी केल्या. तेवढ्यात माझ्या रक्तात त्या किडनीविरुद्ध अँटीबॉडी तयार झाल्या आणि ती निकामी झाली. "माझीच हाय की ती," आई म्हणाली, "तुझ्या रगताला वळखू कावून आली न्हाई?" आता डायलिसिसहून दमून घरी येतो, तेव्हा ती उशाशी बसून म्हणते, "तवा रोज दूध पेला असतास तर टिकली असती." मी हो म्हणतो.