मेलेली नस दुखते कशी

"थर्टीसिक्स ओपन करायचाय," डॉक्टर म्हणाला आणि दोन बोटांनी माझी हनुवटी वर केली. बाजारात बैलाचे दात बघतात, तशी.

मी विचारलं, "माणसाला दात बत्तीस. हा छत्तिसावा कुठून आला?"

खरंच विचारलं. चेष्टा नव्हती. इंग्रजी आकडे मला कळतात. नाशिकच्या मार्केट यार्डात जन्मभर हमाली केली, ट्रकांचे नंबर वाचत. बत्तिशीतली निम्मी पडून गेली, आणि हा छत्तीस म्हणतो.

दातांचं कॉलेज होतं ते. खुर्चीभोवती पांढऱ्या कोटातली शिकणारी पोरंपोरी उभी. डॉक्टर त्यांच्याकडे वळून म्हणाला, "बाबांना चार अक्कलदाढा एक्स्ट्रा आल्यात."

सगळी हसली. माझ्या पायाशी माझा पोरगा उभा होता. सातपूरला कंपनीत सुपरवायझर आहे. तोही हसला.

डावीकडच्या खालच्या दाढेला ते लोक छत्तीस म्हणतात, एवढंच होतं. पण ते तेव्हा कुणी सांगितलं नाही. हसून घेतलं आणि कामाला लागले.

सुई टोचली. अर्धा ओठ, अर्धी जीभ माझी राहिली नाही. मग दाढेला लोखंडी चिमटा लावला आणि तोंडावर निळं रबर ताणून बसवलं. रबरातून दाढ तेवढी वर. बाकी माणूस खाली.

डॉक्टर म्हणाला, "दुखलं तर हात वर करा."

मशीन सुरू झालं. डॉक्टर पोरांना इंग्रजीत सांगत होता. त्यातलं एक मला कळलं, नर्व्ह डेड. म्हणजे नस मेलेली. मग मी कितीक रात्री गाल धरून बसलो, ते कशानं? मेलेली नस दुखते कशी? मला विचारायचं होतं. मी हात वर केला.

"दुखतंय का? थांबा." आणखी एक सुई.

मी पुन्हा हात वर केला. बोटानं तोंडाकडे खूण केली, मान हलवली.

"बाबा, हात खाली. लागेल."

हात वर केला की दुखतंय, एवढाच त्यांच्याकडे अर्थ. दुसरा नाही. हमालाला विचारायचं असेल, हे त्यांच्या हिशेबातच नाही.

तेवढ्यात पोरगा म्हणाला, "तुम्ही करा सर. नानांना काय समजायचंय त्यातलं."

नाना म्हणजे मी.

आणि मला ती आठवली. माझी बायको. उन्हाळ्यात गेली. तिच्या खाटेभोवती असेच कोट उभे राहायचे. तिच्या अंगावरून, तिच्या डोक्यावरून बोलायचे. पोराला बाजूला घेऊन सांगायचे. पोरगा येऊन म्हणायचा, "आई, काही नाही, बरी होशील." डॉक्टर गेले की ती माझा हात ओढायची. "अवं, काय म्हनले वो? मला काय झालंय?"

मला कुणी सांगितलं असतं, तर मी सांगितलं असतं ना. मी नुसता तिच्या पायावर हात फिरवत बसायचो. काय झालंय हे न कळताच ती मेली. लय विचारायची. शेवटी विचारायचंही सोडलं तिनं.

मी रबराला हात घातला आणि ओढलं. चिमटा सुटून कुठंतरी पडला. शिकणारी एक पोरगी मागं सरकली.

"नाना, काय करताय? लाज आणता राव," पोरगा म्हणाला.

ओठ बधिर. लाळ हनुवटीवर. शब्द वाकडेतिकडे निघाले, तरी काढले. "नस मेली म्हणता. मेलेली नस दुखते कशी?"

डॉक्टर म्हणाला, "सांगून काय करणार तुम्ही?"

"तोंड माझं हाय."

"आ करा बाबा. मागं लोक थांबलेत."

मी तोंड मिटलं. दुसरं काय होतं माझ्याकडे? तेवढं एकच मला करता येत होतं. मिटलं आणि बसून राहिलो.

डॉक्टरनं हातमोजे काढले. रागातच बोलला, पण मराठीत बोलला. "दाढेच्या आत नस असते. कीड तिथपर्यंत गेली, नस मेली, आत कुजली. ती घाण मुळातून खाली उतरली आणि तिथं पू झाला. पू हाडाला दाबतो. दुखतंय ते मुळाभोवतीचं. आता आतली घाण काढायची, मुळाच्या नळ्या धुवायच्या, औषध भरायचं आणि वर टोपी घालायची. दाढ तुमचीच राहील. झालं?"

एवढंच. एक चूळ भरायला लागतो तेवढा वेळ. चौथी शिकलेला मी, एका दमात समजलो.

पोरानं विचारलं, "झालं ना समाधान?"

समाधान कसलं. म्हणजे सांगता येतं. त्यांनाही मराठी येतं. तिलाही असंच चार वाक्यांत सांगता आलं असतं. तिला कळलं असतं. काही बोलायचं राहिलं असेल ते ती बोलली असती, कुणाला बोलवायचं ते बोलवलं असतं. चार वाक्यं होती ती. तेवढीही तिला दिली नाहीत.

मी आ केला. करावाच लागतो. पुन्हा रबर, पुन्हा मशीन. सांगितल्यानं दुखायचं थांबत नाही.

घरी आल्यावर पोराला समोर बसवलं. म्हणालो, "पुढच्या खेपेला मी एकटा जाईन. आणि मी खाटेला लागलो, की डॉक्टरनं तुला बाजूला घ्यायचं नाही, तू जायचं नाही. काय असेल ते माझ्या तोंडावर. मराठीत."

"आणि वाईट असलं तर?"

"मरणार असलो तर मरणार म्हणायचं. आधी मला. मग तुला."