जावेच्या हौदातलं पाणी

डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, "हिच्या पोटात काय गेलं? नीट आठवा."

खाटेवरची मुलगी अठरा वर्षांची. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं चिंब झालं होतं आणि दंडाचं, मांडीचं मांस आपोआप उडत होतं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"काहीच न्हाई हो मॅडम," मुलीची आई म्हणाली. "सकाळी चहा-पोळी खाल्ली. मंग नुस्तं पाणीच पिऊन राहिली होती. लई गरम होऊन राहिलं म्हणे."

आई स्वतः भिंतीला धरून उभी होती. तिलाही दोनदा उलटी झाली होती. मी दाराजवळ होते आणि माझंही डोकं गरगरत होतं. 'पाणी' म्हटल्याबरोबर मला कळलं. तिथं फक्त मलाच कळलं. पण ते सांगायचं तर मागचंही सांगावं लागणार होतं, आणि मागचं सांगण्यासारखं नव्हतं.

इथं मात्र ते आधी सांगते.

लातुरात आमचं घर क्लासेसच्या मागच्या गल्लीत आहे. अर्धं माझं, अर्धं धाकट्या जावेचं. मध्ये एक भिंत, वर गच्ची एकच. दोघींचे नवरे गेले, मुलं पुण्याकडं. डॉक्टरकीच्या परीक्षेच्या दिवसांत गावोगावचे आईबाप आठ-पंधरा दिवस पोरांजवळ येऊन राहतात. त्यांना आम्ही दोघीही भाड्यानं खोली देतो. आधी मी सुरू केलं. जावेनं माझं बघून केलं. हे लक्षात ठेवा, कारण आता कुणीच ठेवत नाही.

माझ्या खोलीत एसी आहे. न्हाणीत गिझर आहे, वरून धो धो पडणारा शॉवर आहे. जावेकडं यातलं काही नाही. ती बचत गटाच्या बायांबरोबर कुठंतरी चार दिवस शिकून आली आणि आल्यापासून तिचं एकच सुरू झालं. पाणी वाचवा, वीज वाचवा. शॉवर काढून बादली-मग ठेवला. खिडकीला वाळ्याचा पडदा लावला. न्हाणीचं पाणी कर्दळीला सोडलं. खोलीतल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या काढून माठ आणि तांब्या ठेवला. उन्हानं घर तापू नये म्हणून तिच्या बाजूच्या गच्चीला चुना मारला.

"अक्का, तुमच्या बाजूला पण मारू का?" तिनं विचारलं.

"माझी गच्ची म्हातारी झालीय. तिला आता नटवायची न्हाई."

मी एक दिवस औशाला बहिणीकडं गेले होते. परत येऊन बघते तर माझीही बाजू पांढरी. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. खाली खोली गार लागायला लागली, तेही तिला बोलले नाही.

मग तिनं पन्हाळीला पाइप जोडला. गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपातून खाली, तिथून एका मोठ्या ड्रममध्ये. ड्रमात गोटे, वाळू आणि कोळसा. त्यातून गाळलेलं पाणी तिच्या हौदात. गच्चीचा उतार तिच्या कोपऱ्याकडं, म्हणून माझ्या बाजूचं पाणीही तिकडंच जायचं. लातुरात पाण्याची काय किंमत आहे ते लातूरच्याच माणसाला विचारा. आम्ही टँकरच्या मागं घागरी घेऊन पळालेल्या बाया. माझ्या डोक्यावरचा पाऊस तिच्या हौदात जातो, हे मला जेवताना आठवायचं.

पाहुण्यांना मोजून पाणी देणारी बाई उपाशी मरेल असं मी गल्लीत सांगत होते. झालं उलटंच. लोक तिच्याकडंच जायला लागले. जाताना मोबाइलवर तिचं कौतुक लिहायचे. घर कसं गार, बाई कशी प्रेमळ, पाणी कसं गोड. माझ्या खोलीबद्दल एकानंच लिहिलं होतं, "एसी चांगला आहे."

ही मायलेकीची जोडी इस्लापूरकडची. आधी माझ्याच दारात आल्या होत्या. मी एसी लावून दाखवला. आई खूश झाली होती. तेवढ्यात लाइट गेली. मुलगी सहज जावेच्या दारातून आत डोकावली, भिंतीला हात लावला आणि म्हणाली, "आई, इथं बिनएसीचं गार लागून राहिलं. मी इथंच अभ्यास करते." आणि माझ्या उंबऱ्यावर ठेवलेली पिशवी उचलून गेली. मला "येते आजी" म्हणाली, ते आणखी झोंबलं.

परीक्षेला चार दिवस होते तेव्हा जाऊ पुतणीच्या लग्नाला माहेरी चाकूरला निघाली. जाताना मला पाइपाजवळ घेऊन गेली. कमरेइतक्या उंचीवर बाजूला नळाला असते तशी एक चावी होती.

"आभाळ भरून आलंय अक्का. पाऊस आला तर ही चावी उघडा. पहिलं पाणी नालीत जाऊ द्या, गच्ची धुऊन निघू द्या. मग बंद करा, मंजी पाणी हौदात जाईल."

"म्हंजे माझा पाऊस मीच तुझ्या हौदात सोडू?"

"पाऊस काय सातबाऱ्यावर चढवलाय का तुमच्या नावानं?" ती हसली आणि ऑटोत बसली.

त्याच दिवशी दुपारी अवकाळी पाऊस आला. गच्चीवर माझ्या कुरडया वाळत होत्या. मी धावत जाऊन त्या गोळा केल्या, खाली आणल्या आणि पाइपाजवळ गेले. चावीवर हात ठेवला. वरून पाण्याचा आवाज यायला लागला होता.

मी हात काढून घेतला.

माझ्या मनात एवढंच होतं की दोन महिन्यांची धूळ, कबुतरांची घाण सगळी जाऊ दे हौदात. टँकर परवा येणार होता, हौद तळाला गेला होता. उद्या त्या आईनं माठ भरला की गढूळ पाणी दिसेल. मग नाक मुरडून पिशवी उचलेल आणि माझ्याकडं येईल. जावेचं गोड पाणी एकदा सगळ्यांना दिसू दे. मी वाईट विचार केला, आणि शांतपणे केला. घाईत झालं असं म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम त्यांच्या दाराशी गेले.

"पाणी कसं काय आलंय?"

"मस्त हाय की मावशी," आई म्हणाली. "पावसाचं पाणी म्हणे हे. बघा तरी." तिनं तांब्या पुढं केला. पाणी काचेसारखं होतं. जावेच्या त्या वाळू-कोळशानं सगळा गाळ अडवला होता. मला इतका राग आला की तोंडाची चव गेली. ती बाई चावी न उघडताही जिंकली होती.

"बसा की, चहा घ्या," आई म्हणाली. मी बसले. अर्धा कप प्याले. चहा चांगला होता, तेही मला आवडलं नाही.

अकराच्या सुमाराला मुलीला मळमळायला लागलं. बारा वाजता तिचं तोंड वाहायला लागलं. तिला ऑटोत घालून आम्ही दवाखान्यात आलो, तोपर्यंत मी उन्हाचंच म्हणत होते. आईनं डॉक्टरीणबाईंना 'पाणी' म्हटलं तेव्हा मला माझ्या कुरडया दिसल्या. कुरडयांभोवतीच्या मुंग्या दिसल्या. त्या मुंग्यांसाठी मी चादरीच्या चारी बाजूंनी पाकीटभर पावडर टाकली होती. दरवर्षी टाकते. पांढऱ्या चुन्यावर पांढरी पावडर, पावसाच्या घाईत ती मला दिसलीच नाही. गच्चीच्या जिन्यात जावेनं कागद चिकटवला होता, 'वर साबण, औषध टाकू नये'. तो मी रोज वाचत होते. तो पाहुण्यांसाठी आहे, मला शिकवणारी ती कोण, असं माझं होतं. वाळूनं गाळ अडवला, औषध अडवलं नाही.

"मॅडम," मी म्हणाले, "मुंग्यांची पावडर. गच्चीवर मी टाकली होती. पावसानं हौदात गेली. तेच पाणी प्यालीय ही."

"कोणती पावडर? पाकीट आहे?"

"घरी दाराच्या मागं हाय."

"मग उभ्या काय राहिलात? जा!"

मी गेले. त्याच ऑटोत बसून गेले आणि पाकीट घेऊन आले. येताना रस्त्यात दोनदा ओकले. डॉक्टरीणबाईंनी पाकिटावरचं बारीक वाचलं आणि नर्सला ओरडून इंजेक्शन सांगितलं. मग माझ्याकडं वळल्या.

"तुम्ही प्यालात का?"

"अर्धा कप चहा."

"झोपा तिथं."

तीन खाटांवर आम्ही तिघी. मध्ये मुलगी, पलीकडं आई, अलीकडं मी. मुलीच्या हाताला सलाईन, नाकाला नळी. दर थोड्या वेळानं तिला इंजेक्शन देत होते. वाचेल का हे आईचं तीनदा विचारून झालं होतं आणि डॉक्टरीणबाई "बघू" म्हणत होत्या. बराच वेळ गेल्यावर आई मुलीच्या अंगावरून माझ्याकडं बघून म्हणाली, "मावशी, तुमाले माहीत होतं?"

"पावडरीचं ध्यानात न्हवतं."

"मंग काय माहीत होतं?"

मी खोटं बोलू शकले असते. मी चावी उघडली नाही हे दुसऱ्या कुणी बघितलं नव्हतं. पण मुलगी आमच्या दोघींच्या मध्ये पडली होती.

"पहिलं पाणी नालीत सोडायचं होतं. मी सोडलं न्हाई. पाणी गढूळ दिसलं म्हंजे तुम्ही माझ्या खोलीत याल, म्हणून."

"एका खोलीसाठी?"

"व्हय."

तिनं तोंड फिरवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी जाऊ लग्न सोडून आली. अंगावर लग्नातली भारीतली साडी तशीच. आधी मुलीजवळ गेली, तिच्या कपाळावर हात ठेवला. आईला पाणी हवं का विचारलं. मग माझ्या खाटेजवळ आली. आईनं तिला फोनवरच सगळं सांगितलं होतं.

"अक्का," ती म्हणाली, "खोली भरायची होती तर मला सांगायचं न्हाई का? मीच पाठवलं असतं तुमच्याकडं."

त्या सगळ्या दिवसात मला सगळ्यात जास्त राग त्या वाक्याचा आला. अजूनही येतो. माझ्यावर ओरडली असती तर आम्ही सारख्या झालो असतो. तिनं तेवढंही होऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीचं अंग उडायचं थांबलं. तिसऱ्या दिवशी ती पेज प्याली. परीक्षेच्या दिवशी ती दवाखान्याच्या खिडकीत बसून होती. समोरच्या रस्त्यानं मुलं पाण्याच्या बाटल्या घेऊन पेपरला चालली होती. ती रडली नाही. मी तिला "पुढच्या साली दे" म्हणाले तर म्हणाली, "तुम्ही बोलू नका आजी." बरोबर बोलली.

जावेनं हौद उपसून तीनदा घासला, ड्रमातली वाळू-कोळसा सगळा बदलला. महिनाभर क्लासला नाव घालायला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती दारातच सांगायची की आमच्या हौदात औषध गेलं होतं, एक मुलगी आजारी पडली, आता टँकरचं पाणी आहे, राहायचं तर बघा. कुणी टाकलं ते सांगितलं नाही. मला वाटलं, आता हिच्याकडं कुत्रंही फिरकणार नाही. तरी लोक राहिले. एकानं मोबाइलवर लिहिलं की ही बाई खरं बोलते. माझी खोली त्या महिन्यात दोनदाच भरली.

पुढच्या साली तीच आई तीच मुलगी घेऊन परत आली. माझ्या दारावरून गेल्या, बघितलं नाही, जावेकडं उतरल्या. मुलीनं त्या साली पेपर दिला. ते मला जावेच्या तोंडून कळलं. मी कुरडया आता खाली अंगणात घालते आणि गच्चीवर पाय ठेवत नाही. जावेचा हेवा वाटायचा थांबला का असं कुणी विचारलं तर नाही म्हणेन.

त्या हौदातलं पाणी आम्ही तिघी प्यालो. ती मुलगी, तिची आई आणि मी. तिघीही जिवंत आहोत.