आमच्या आडनावाचं सुतक

आमच्या आडनावाचा मूळपुरुष कोण, हे घरात विचारायची सोय नव्हती. बाबा म्हणायचे, तो खाडीतून मिठाची होडी घेऊन आला. मोठे काका म्हणायचे, कसली होडी, घाटावरून पायी आला. दोघांची जुंपायची. शेलारला आमची चार-दोन घरं, खाडीकडे एक आख्खी आळी, अंबाडी नाक्याच्या पलीकडे आणखी कुणीकुणी. भिवंडीत तर आमच्याच आडनावाचे मुसलमान लूमवालेही होते. त्यांची मुलगी माझ्या बाकावर बसायची; बाईंनी आडनाव पुकारलं की आम्ही दोघी उठायचो.

मग यातलं आपलं कोण? त्याला आमच्याकडे एकच माप. मेल्यावर ज्याचं सुतक लागतं, तो आपला. घरोघरी मोबाइल आले तरी मरणाचा निरोप भाऊबंदांकडे माणूसच घेऊन जायचा, आणि तो त्या घरचं पाणीही प्यायचा नाही.

माझ्या हळदीच्या दिवशी टेमघरला आमच्या दारात एक माणूस आला. मांडव घातलेला, डीजेवाला वायरी जोडतोय, बाबा त्याच्यावर खेकसतायत.

"अंबाडीच्या पल्याडनं आलो. आपलं आडनाव एकच हाय," तो म्हणाला.

"या आडनावाची माणसं पायलीची पन्नास आहेत हो!" बाबा म्हणाले.

सगळे कामात, म्हणून पाण्याचा तांब्या मीच पुढे केला. त्याने माझ्या पिवळ्या हातांकडे पाहिलं. तांब्याला हात लावला नाही.

"काय काम काढलंत?" बाबांनी विचारलं.

"कायच न्हाय. म्हटलं बघावं, आपण एक हाव का." मग माझ्याकडे बघत म्हणाला, "न्हाय, तुमचं दुसरं, आमचं दुसरं. लगीन लावा खुशाल."

आणि गेला.

पाण्याला हात न लावणारा माणूस कशाला येतो, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला कळलं. बाबांनाही कळलं असणार, कारण तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मी एक शब्द बोलले असते, तर हळद तिथेच थांबली असती. आधीच एकदा नवऱ्याकडच्या सुतकामुळे तारीख पुढे गेली होती, आणि सासूबाई माझ्या पायगुणाबद्दल कुजबुजायला लागल्या होत्या. आणखी एकदा पुढे गेली असती, तर लग्न मोडलंच असतं. मी मूग गिळून गप्प बसले. रात्री डीजेपुढे नाचलेसुद्धा! सांगायलाही लाज वाटते.

लग्नानंतर माझं आडनाव बदललं. वाटलं, सुटले. कसली सुटतेय! कुणाच्या घरी कुणी पाणी नको म्हटलं, की घोटभर तरी घ्या म्हणून मी मागे लागायचे.

तीन-चार वर्षांनी बाबा गेले. भावाने शेलारला माणूस पाठवला, खाडीकडच्या आळीत पाठवला.

"आणि अंबाडीकडे?" मी विचारलं.

"ते कुठे आपले?" तो म्हणाला.

पुढे काही बोलायचं, तर माझ्या हळदीचा दिवस उकरावा लागला असता. इतकी भित्री मी कधीपासून झाले, कोण जाणे.

दहाव्याला नदीवरून पुरुष मुंडण करून घरी परतले. त्यांच्यात तो होता. डोक्याचा गोटा, अंगावर ओला टॉवेल. अंबाडी नाक्यावर कुणीतरी बोलताना त्याने ऐकलं होतं म्हणे, आणि त्या दिवसापासून त्याच्या घरात सुतक होतं. भाऊ माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी आत पळाले आणि पाणी घेऊन आले.

या खेपेला त्याने तांब्या घेतला आणि घटाघटा प्यायला.

"घरी सगळी बरी ना?" मी कसंबसं विचारलं.

"बरी हायत. पोरीची हळद व्हती परवा, ती पुढं ढकलली." त्याने तांब्या माझ्या हातात दिला. "सुतकात कशी लावनार, बाय?"